हेडलाइटचा बल्ब: आयुष्य मोजावे की उजेड?

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन हेडलाइटचा बल्ब मागितला, की दुकानदार एकाऐवजी चार खोकी काउंटरवर मांडतो. एकावर चौपट आयुष्याची ग्वाही असते, दुसऱ्यावर १३० टक्के जादा उजेडाची. तिसऱ्या खोक्यावर निळसर पांढऱ्या झोताचे चित्र असते, तर चौथ्यात पाठीला पंखा जोडलेला एलईडी असतो. साधा बल्ब मात्र मुद्दाम मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. ग्राहकाला हवे असते ते एवढेच, की बल्ब भरपूर उजेड देणारा असावा आणि वारंवार बदलावा लागू नये. ही अपेक्षा रास्त असली तरी हॅलोजन बल्बाच्या बाबतीत तिचे दोन्ही भाग एकाच वेळी पूर्ण होत नाहीत.

प्रश्न काही शे रुपयांचा दिसतो, पण तेवढाच नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. समोरचा अडथळा नजरेस पडून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे ३० मीटर संपलेले असतात आणि कोरड्या रस्त्यावर मोटार पूर्ण थांबायला त्यापुढे आणखी तितकेच, किंबहुना थोडे अधिक अंतर लागते. डिपरच्या झोतात गडद कपड्यांतला पादचारी ५०-६० मीटरच्या पलीकडे नीट दिसत नाही. म्हणजे बल्ब नवा आणि उत्तम असतानाही हा हिशेब काठावरचाच आहे. त्यात पावसाने ओला झालेला रस्ता, घाटातले वळण किंवा साठीकडे झुकलेली नजर यांची भर पडली, की थोडासा कमी उजेडही महाग पडू शकतो.

उजेड वाढला की आयुष्य घटते

हॅलोजन बल्बात टंगस्टनची बारीक वेटोळी तार, म्हणजे फिलामेंट, २,७०० अंश सेल्सिअसच्या वर तापून प्रकाश देते. टंगस्टन वितळतो ३,४२२ अंशांना. तोवर तो टिकतो हे खरे, पण तापलेल्या तारेवरून त्याचे कण सतत उडत असतात. जुन्या साध्या बल्बात ते काचेवर बसून काच काळी पडत असे. बल्बात आयोडिन किंवा ब्रोमिनसारखा हॅलोजन मिसळला, तर तो काचेजवळच्या टंगस्टनशी संयोग पावतो आणि त्याला पुन्हा तारेकडे नेऊन सोडतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या फ्रिडरिच आणि वायली या संशोधकांना १९५९ मध्ये अशा दिव्याचे पेटंट मिळाले. १९६२ मध्ये एच-१ हा मोटारीसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब युरोपात आला आणि १९७१ मध्ये अप्पर व डिपर अशा दोन फिलामेंट एकाच बल्बात सामावणारा एच-४ आला. मारुती ८००, अल्टो, वॅगन आर यांच्यासारख्या असंख्य मोटारींमुळे आपल्याकडे सर्वांत परिचित झालेला बल्ब तो हाच.

या रासायनिक फेऱ्यात एक उणीव आहे. परत आलेला टंगस्टन तारेच्या ज्या जागेवरून उडाला, नेमका तेथेच बसतो असे नाही. पातळ झालेली जागा पातळच राहते, तेथे तार अधिक तापते, अधिक झिजते आणि एके दिवशी तुटते. हॅलोजन बल्ब शेवटपर्यंत स्वच्छ उजेड देतो आणि मग पूर्वसूचना न देता जातो, त्याचे कारण हे.

तार जितकी अधिक तापेल तितका उजेड जास्त आणि पांढरा. पण झीजही तितकीच जलद. ही देवघेव समप्रमाणात होत नाही. बल्बाला मिळणारा विद्युतदाब ५ टक्क्यांनी वाढला तर उजेड सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, आयुष्य मात्र जवळपास निम्मे होते. उलट दाब तेवढाच घटवला तर आयुष्य दुपटीच्या आसपास जाते आणि उजेड सुमारे सोळा टक्क्यांनी कमी होतो. दीर्घायुषी बल्ब बनवणारे कारखानदार हेच गणित वापरतात. तार थोडी जाड किंवा लांब करायची, ती किंचित कमी तापेल असे पाहायचे आणि बल्बात झेनॉनसारखा जड वायू भरून कण उडण्याचा वेग आणखी कमी करायचा. जादा उजेडाच्या बल्बात याच्या उलट तार आखूड आणि घट्ट वेटोळ्यांची असते. जड वायू तिच्या मदतीला असतो, पण तिला मिळालेले जीवन अल्पच असते.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

बल्बाची कमाल उजेडमर्यादा कारखानदाराच्या मर्जीवर नसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ३७ प्रमाणे १२ व्होल्टच्या एच-४ बल्बाने १३.२ व्होल्टला अप्परवर १,६५० ल्युमेन आणि डिपरवर १,००० ल्युमेन प्रकाश द्यावा लागतो. त्यात १५ टक्के कमी-अधिक चालते. एच-७ साठी हा आकडा १,५०० ल्युमेन असून सूट १० टक्क्यांची आहे. साहजिकच मान्यताप्राप्त बल्ब एकूण प्रकाश दीडपट-दुप्पट देऊच शकत नाही. खोक्यावरचे ‘१३० टक्के जादा’ हे झोतातील काही ठराविक बिंदूंवर नियमाने आवश्यक असलेल्या किमान उजेडाशी केलेल्या तुलनेतून येते. रस्त्यावर फरक पडत नाही असे नव्हे. आखूड तारेमुळे झोत एकवटतो आणि दूरवर अधिक पोहोचतो. पण शेजारच्या साध्या बल्बाशी तुलना करता तो दुपटीहून जास्त असेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा ठरलेली.

आयुष्याच्या आकड्याचेही असेच आहे. तांत्रिक माहितीपत्रकात तो बहुधा दोन प्रकारे दिलेला असतो. चाचणीतील ३ टक्के बल्ब जितक्या तासांत जातात त्याला बी-३ म्हणतात आणि ६३.२ टक्के बल्ब जायला लागणाऱ्या तासांना टी-सी. दुसरा आकडा नेहमीच मोठा असतो. एका कंपनीचा बी-३ दुसऱ्या कंपनीच्या टी-सीशी ताडून पाहिला तर निष्कर्ष चुकणारच. फिलिप्सचा लाँगलाइफ इकोव्हिजन, ओसरामचा अल्ट्रा लाइफ अशा बल्बांवर चौपट आयुष्याचा दावा असतो, तोही त्याच कंपनीच्या साध्या बल्बाच्या तुलनेत आणि चाचणीच्या ठरलेल्या विद्युतदाबाला. चाचणीगृहात खड्डे नसतात.

तासांचे रूपांतर आपल्या वापरात करून पाहणे अधिक उपयोगाचे. साध्या बल्बाचे आयुष्य ५०० तास धरले, तर रोज तासभर हेडलाइट लावून घरी परतणाऱ्याला तो सव्वा वर्षाहून अधिक पुरतो. रात्रपाळीत सहा तास टॅक्सी चालवणाऱ्याचा तोच बल्ब तीन महिन्यांच्या आत जातो. जादा उजेडाच्या बल्बाचे आयुष्य २०० तास मानले, तर पहिल्याला सात महिन्यांनी आणि टॅक्सीचालकाला जेमतेम महिनाभराने पुन्हा दुकान गाठावे लागेल. ज्याचा रात्रीचा प्रवास दिवे असलेल्या शहरी रस्त्यांवर होतो आणि ज्याला बल्ब बदलण्यात वेळ दवडणे परवडत नाही, त्याच्यासाठी दीर्घायुषी बल्ब योग्य. बंपर किंवा बॅटरी काढल्याखेरीज जेथे हात पोहोचत नाही अशा मोटारींनाही तोच सोयीचा, कारण तेथे बल्बापेक्षा मजुरी जास्त होते. दर शनिवारी काळोखात कशेडी किंवा आंबोलीचा घाट चढणाऱ्याने मात्र आयुष्याच्या मागे लागू नये. त्याने साधा किंवा थोडा जादा उजेडाचा बल्ब घ्यावा आणि तो वेळोवेळी बदलण्याची तयारी ठेवावी.

बल्ब वारंवार का जातो?

दीर्घायुषी बल्बाची मागणी करणारे बहुतेक जण नुकताच गेलेला बल्ब खिशात घेऊन आलेले असतात. त्यांचा राग बल्बावर असतो. दोष बहुतेक वेळा मोटारीत असतो. तो शोधल्याशिवाय महागडा बल्ब बसवणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणे होय.

पहिला संशयित म्हणजे विद्युतदाब. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब असणे ठीक मानले जाते. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आणि दाब १५ व्होल्टच्या घरात गेला, तर कोणत्याही कंपनीचा बल्ब टिकत नाही. बल्बाच्या होल्डरवर १४.४ व्होल्ट पोहोचले तरी १३.२ व्होल्टच्या तुलनेत आयुष्य सुमारे एकतृतीयांश उरते. दोन्ही बाजूंचे बल्ब थोड्याथोड्या दिवसांनी जात असतील तर मल्टिमीटर लावून ही तपासणी आधी करावी. ऑटो इलेक्ट्रिशियनला तिला पाच मिनिटे पुरतात. (नवीन जोडी बसवल्यावर दीड-दोन वर्षांनी एक बल्ब गेला आणि पंधरा दिवसांत दुसराही गेला, तर त्यात काही गैर नाही. जुळी भावंडे बरोबरीने म्हातारी होतात, एवढाच त्याचा अर्थ.)

फक्त एकाच बाजूचा बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल, तर त्या दिव्याकडे पाहावे. मागचे रबरी झाकण नीट बसवलेले नसते, पावसाळ्यात आत दमट हवा शिरते आणि काचेवर थेंब जमतात. कधी दिव्याची खुंटी तुटलेली असते आणि खड्ड्याखड्ड्याला संपूर्ण दिवा हादरतो. तापून मऊ झालेल्या तारेला हा हादरा सर्वांत जास्त बाधतो. होल्डर काळवंडलेला किंवा सैल असेल तर तेथे ठिणगी पडत राहते. हेडलाइट चालू ठेवून इंजिन सुरू करण्याची सवय, ओव्हरटेक करताना सतत अप्पर-डिपर मारणे, या गोष्टीही बल्बाच्या मुळावर येतात.

याच्या नेमकी उलट अवस्थाही आढळते आणि ती अधिक फसवी असते. दहा-बारा वर्षांच्या मोटारीचे मालक कधीकधी अभिमानाने सांगतात, की आपल्या गाडीचा बल्ब एकदाही बदललेला नाही. वायरिंग जुनी झाली, स्विचचे संपर्कबिंदू झिजले, अर्थिंगला गंज चढला, की वाटेतच दाब गळतो. होल्डरपर्यंत १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर बल्ब तिपटीहून अधिक टिकतो खरा, पण उजेड २५ ते ३० टक्क्यांनी घटलेला असतो. अशा गाडीत दीर्घायुषी बल्ब बसवला तर आधीच मंद असलेला झोत आणखी मंदावतो. हेडलाइट लावून बॅटरीवरचा आणि होल्डरवरचा दाब मोजावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर संपर्कबिंदू आणि अर्थिंग साफ करावे. एक व्होल्टच्या वर असेल तर रिले घालून बॅटरीपासून नवी जाड वायर ओढणे हा खरा उपाय. नव्या, वॉरंटीतल्या मोटारींत मात्र हे काम कंपनीच्या सेवा केंद्रातच करून घ्यावे, कारण त्यांपैकी अनेकींत दिव्यांचा पुरवठा संगणकीय नियंत्रणाखाली असतो.

बल्ब आणि वायरिंग ठीक असूनही उजेड पडत नसेल तर हेडलाइटची काच पाहावी. ती काच नसून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असते आणि उन्हाने काही वर्षांनी पिवळसर, धुरकट होऊ लागते. बाहेर पडणारा प्रकाश ती अडवतेच, शिवाय इतस्तत: पसरवून समोरच्याच्या डोळ्यांत घालते. पॉलिश केल्यावर जो फरक पडतो, तो पुष्कळदा महागड्या बल्बानेही पडत नाही. आतला परावर्तक पोपडे निघून निस्तेज झाला असेल तर दिवाच बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

जास्त वॅटचा मोह

एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बाजारात त्याच बैठकीचे १००/९० वॅटचे बल्ब मिळतात आणि महामार्गावरच्या अनेक गाड्यांत ते सर्रास दिसतात. उजेड वाढतो हे नाकारता येत नाही, पण किंमत सगळी मोटारच चुकवते. दोन्ही अप्पर मिळून ६० वॅटच्या बल्बांना सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो, १०० वॅटच्यांना १६ ते १७. मूळ वायरिंग आणि स्विच त्या भारासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, परावर्तकाचे प्लास्टिक भाजते. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज घातला, तर आगीलाच आमंत्रण. आणि एवढे करून बल्बाचे आयुष्य साध्यापेक्षा सहसा कमीच भरते.

समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आणणारा झोत हा केवळ असभ्यपणा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढचा झोत खाली वळलेला असला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला त्याने दिपवता कामा नये. हेडलाइटवर काळा ठिपका किंवा पट्टी रंगवण्याची जुनी पद्धत याच चिंतेतून आली होती.

निळ्या लेपाच्या बल्बांविषयी थोडक्यात सांगता येईल. लेप प्रकाशातला काही भाग गाळूनच त्याला पांढरा करतो. तो तूट भरून काढण्यासाठी तार अधिक तापवावी लागते आणि आयुष्य आखडते. टिकाऊपणा हवा असणाऱ्याने त्या खोक्याकडे पाहूही नये.

एलईडीचे काय?

एलईडीच्या खोक्यावर ३० हजार किंवा ५० हजार तासांचे आकडे असतात. हे आयुष्य फार तर प्रकाश देणाऱ्या चकतीचे, तेही ती थंड राहिली तर. फिलामेंट आपली उष्णता बव्हंशी प्रकाशाबरोबर पुढे फेकते. एलईडीची उष्णता मात्र मागे, बैठकीकडे जाते. ती बाहेर काढण्यासाठी पंखा, धातूच्या पट्ट्या आणि विद्युत पुरवठा नियंत्रित करणारे मंडल लागते. बंद रबरी झाकणाआड, इंजिनच्या धगीत आणि धुळीत आधी मान टाकतात ते पंखा आणि मंडल. स्वस्त एलईडी हॅलोजनपेक्षा आधी गेला, ही तक्रार म्हणूनच नवलाची नाही.

त्याहून गंभीर मुद्दा झोताचा आहे. परावर्तकाचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. एच-४ मध्ये तर डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते आणि तिच्यामुळेच झोताची वरची कड रेखीव कापली जाते. एलईडीची चकती मिलिमीटरभर इकडेतिकडे असली तरी प्रकाश वर उसळतो. चालकाला बोनेटपुढचा रस्ता लख्ख दिसतो आणि तो समाधानी होतो. लांबचा रस्ता मात्र पूर्वीपेक्षा काळोखा झालेला असू शकतो. जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या एच-७ एलईडी बल्बाला प्रथमच रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली, तीही मोटारींच्या ठराविक मॉडेलांच्या यादीपुरती. कोणत्या दिव्यात तो नीट बसतो हे एकेक तपासून पाहावे लागले, यातच सारे आले. हॅलोजनच्या दिव्यात झेनॉनचे एचआयडी किट बसवण्याविषयीही हेच म्हणावे लागते. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजबरोबर झेनॉन दिवे आले, ते त्यांच्यासाठी स्वतंत्र घडवलेल्या दिव्यांसह. ज्यांच्या मोटारीला कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट आहे, त्यांना बल्ब निवडण्याची चिंता नाही. तो दिवा बिघडला तर बहुधा अख्खा बदलावा लागतो, एवढे लक्षात असू द्यावे.

विकत घेताना आणि बसवताना

आपल्या मोटारीला कोणता बल्ब लागतो हे मालकाच्या पुस्तिकेत किंवा जुन्या बल्बाच्या पत्र्यावर लिहिलेले असते: एच-४, एच-७, एच-११, एचबी-३ इत्यादी. बैठका वेगवेगळ्या असल्याने एकाच्या जागी दुसरा ठोकून बसवू नये. दिवसा चालू राहणाऱ्या दिव्यासाठी एच-१५ सारखा १५ आणि ५५ वॅटचा दुहेरी बल्ब असेल, तर तेथे दीर्घायुषी प्रकारच घ्यावा, कारण तो दिवसभर जळतो. बल्बाच्या पत्र्यावर वर्तुळातील ‘ई’ आणि त्यापुढे देशाचा क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. पुसट छपाई, खोक्यावरचे अशुद्ध स्पेलिंग आणि अविश्वसनीय स्वस्ताई ही नकली मालाची ओळखीची लक्षणे होत. नामवंत कंपन्यांच्या खोक्यांच्या हुबेहूब नकला मिळतात, तेव्हा पावती देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करावी.

बल्ब जोडीनेच बदलावेत, नाहीतर दोन बाजूंचा उजेड वेगळा दिसतो. काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा आणि क्षार तापलेल्या क्वार्ट्झच्या काचेवर भाजले जातात, त्या जागी काच दुबळी होते आणि बल्ब अवेळी जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडी करावी. एच-४ च्या बैठकीला तीन पाकळ्या असतात. त्या खाचांत नीट बसून स्प्रिंगची कडी लागल्याची खात्री करावी आणि रबरी झाकण पूर्ण दाबावे.

त्यानंतर झोत भिंतीवर पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर मोटार उभी करून डिपर लावल्यास झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली दिसायला हवी. आपण डावीकडून गाडी चालवत असल्याने ती डाव्या बाजूला चढत जाते. उजवीकडे चढत असेल तर दिवा परदेशी रस्त्यांसाठी बनवलेला आहे आणि समोरच्याला दिपवणार हे निश्चित. डॅशबोर्डवर उंची कमी-जास्त करण्याची चकती असेल, तर तपासणीच्या वेळी ती शून्यावर ठेवावी आणि मागे सामान व माणसे भरल्यावर फिरवावी. जोडीतला अजून चालू असलेला जुना बल्ब टाकून न देता नव्याच्या खोक्यात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. घाटात एक दिवा गेला तर घरी पोहोचेपर्यंत तो पुरतो.